दोन गाण्यांच्या मधलं बोलणं



आजचा विषय जाहीर झाल्यावर काही मित्रांनी विचारलं, तत्त्वज्ञानाला विषय कमी पडले का? गायक दोन गाण्यांच्या मध्ये पाणी पितो, घाम पुसतो, साथीदाराची टिंगल करतो, पुढच्या रांगेतल्या कुणाशी तरी दोन शब्द बोलतो. लोक हसतात. पुढचं गाणं सुरू होतं. यात तासभर बोलण्यासारखं काय आहे? तर आज आपण नेमकं तेच पाहणार आहोत. गाण्यावर लिहिणारे समीक्षक या बोलण्याकडे सहसा ढुंकून बघत नाहीत, आणि चाहते मात्र घरी जाताना पुष्कळदा त्याचीच उजळणी करत असतात. समीक्षक जे गाळतो आणि रसिक जे जपून ठेवतो, अशी जागा दिसली की तिथे जरा थांबून बघावं, एवढीच आमची भूमिका आहे.

उदाहरण मुख्यतः एकच घेऊ. एल्विस प्रेस्ली. आपल्यापैकी अनेकांनी त्याला फार ऐकलं नसेल, त्यानं बिघडत नाही. हे उदाहरण घ्यायचं कारण असं की, आपल्याला हवा असलेला नमुना निव्वळ स्वरूपात, जणू गाळून काढलेला, त्याच्याच नावावर सापडतो.

१९७४ साली त्याची एक लाँग प्ले तबकडी निघाली. नाव होतं 'हॅविंग फन विथ एल्विस ऑन स्टेज'. म्हणजे मंचावरच्या एल्विसबरोबर मजा. दोन्ही बाजू मिळून साधारण ३७ मिनिटं. आणि तिच्यावर एकही गाणं नाही! कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणांतून गाणी कापून काढली, आणि मधलं बोलणं एकाला एक जोडून दिलं. 'वेल' हा त्याचा लाडका शब्द, आपल्या 'बरं तर' सारखा. तो शब्द लांबवत, खेळवत तो पुनःपुन्हा म्हणतो. बायकांचा आरडाओरडा ऐकू येतो. कुणी त्याच्या गळ्यातला रुमाल मागतंय, कुणी चुंबन मागतंय. तो स्वतःचीच थट्टा करतो, पाणी मागतो. एखादं वाक्य अशा ठिकाणी येतं की, आता गाणं सुरू होणार असं वाटावं, आणि नेमकी तिथे कात्री लागलेली असते. हे बोलणं फक्त बोलणंच आहे, अशी सूचना खुद्द आवरणावर छापलेली होती. म्हणजे गिऱ्हाइकाला फसवलं, असंही म्हणायची सोय नाही.

ही तबकडी निघाली का, याचं कारण व्यवहारातलं आहे. एल्विसचा व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर. मार्च १९७३ मध्ये एल्विसच्या तोवरच्या ध्वनिमुद्रणांवरचे हक्क आरसीए कंपनीला ५४ लाख डॉलरना विकून झाले होते. कंपनीशी असलेला करार गाण्यांचा. मग बोलण्याचं काय? बोलण्यावर कंपनीचा हक्क नाही, असा हिशेब पार्करनं केला, असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. त्यानं आपल्या बॉक्सकार या नावाखाली तबकडी काढून कार्यक्रमांच्या ठिकाणी विकायला ठेवली. पुढे आरसीएनंच ती बाजारात आणली. आता गंमत बघा. गाणी विकून झाली होती, माणसाजवळ उरलं होतं ते बोलणं. तेही विकलं गेलं. आणि बिलबोर्डच्या कंट्री संगीताच्या यादीत ही तबकडी नवव्या क्रमांकापर्यंत गेली! 'जगातल्या सगळ्यात वाईट तबकड्या' अशा याद्या लोक अधूनमधून करतात. त्यांत हिचं नाव हमखास असतं. एकीकडे सर्वांत वाईट, दुसरीकडे पहिल्या दहांत. मग ज्यांनी ती विकत घेतली, ते सगळे मूर्ख होते का?

आम्हाला तसं वाटत नाही. ते कशाचा आनंद घेत होते, हे आधी समजून घेतलं पाहिजे. मग ती तबकडी चांगली की वाईट, ते ठरवू.

ब्रोनिस्लाव्ह मॅलिनोव्हस्की या मानवशास्त्रज्ञानं १९२३ साली एका निबंधात एक साधी, पण फार उपयोगी गोष्ट सांगितली. माणसं पुष्कळदा माहिती देण्यासाठी बोलतच नाहीत. बोलण्यानं माणसं एकमेकांना बांधली जातात, आणि ते बांधलं जाणं हाच त्या बोलण्याचा हेतू असतो. आपल्याकडे याची उदाहरणं पावलोपावली आहेत. जिन्यात शेजारी भेटले की आपण विचारतो, 'काय, झालं का जेवण?' आपल्याला त्यांच्या जेवणाची माहिती नको असते. निरोप घेताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. शब्दशः पाहिलं तर ते चूक आहे. पण ते चुकीचं म्हणणारा माणूस व्याकरण शिकलाय आणि मराठी शिकलेला नाही, असंच आपण म्हणू. तर अशा बोलण्यात 'काय सांगितलं' हे गौण असतं. 'कुणाला सांगितलं' हे महत्त्वाचं असतं.

मंचावरच्या गायकाचं मधलं बोलणं प्रथम या जातीचं आहे. गाणं सगळ्यांसाठी असतं. ते काल दुसऱ्या गावात झालं, उद्या तिसऱ्या गावात होईल, घरी तबकडीवरही आहे. बोलणं मात्र 'तुम्हाला' असतं, आज इथे बसलेल्या तुम्हाला. म्हणून श्रोत्याला त्यात सुख वाटतं. तिकीट काढून आलेल्या हजारो माणसांपैकी आपण एक असतो. त्या दोन वाक्यांपुरतं आपल्याला वाटतं, यानं आपल्याला पाहिलं.

एल्विसच्या बाबतीत या पाहिलं जाण्याला आणखी एक पदर होता. २५ मार्च १९६१ला हवाईत पर्ल हार्बर इथे मदतनिधीसाठी त्याचा एक कार्यक्रम झाला. त्यानंतर आठ वर्षं या माणसानं जाहीर मैफल म्हणून केली नाही. चित्रपट करत राहिला. लोकांना तो पडद्यावर दिसे, पण पडद्यावरचा माणूस आपल्याला बघत नाही ना! ३ डिसेंबर १९६८ला एनबीसी वाहिनीवर त्याचा एक खास कार्यक्रम दाखवला गेला. त्यात तो जुन्या साथीदारांबरोबर छोट्याशा चौथऱ्यावर बसून गातो, हसतो, जुन्या आठवणी काढतो. भोवती हाताच्या अंतरावर प्रेक्षक. आजही त्या कार्यक्रमाचं नाव निघालं की लोक पहिल्यांदा त्या बसून केलेल्या गप्पांबद्दल बोलतात. मग ३१ जुलै १९६९ला लास वेगासच्या इंटरनॅशनल हॉटेलात तो पुन्हा मंचावर आला. चार आठवड्यांत ५७ खेळ. आणि त्या खेळांत मध्येच थांबून तो आपली कहाणी सांगत असे. आपण ट्रक चालवत होतो, मग गाणं कसं आलं, दूरचित्रवाणीवाल्यांनी कसा टक्सिडो घालून एका कुत्र्यासमोर गायला लावला, कसं कमरेच्या वरचंच चित्र दाखवलं. ज्या दंतकथेपायी लोक आले होते, त्या दंतकथेचीच तो खिल्ली उडवत होता. हे फार मोठं काम आहे. देवळातल्या मूर्तीनं 'अहो, हा शेंदूर फार जड होतो' म्हणावं, तसं.

एक विनोद बघा. कित्येकदा तो मंचावर येऊन सांगे, नमस्कार, मी जॉनी कॅश. लोक हसत. यात हसण्यासारखं काय? जॉनी कॅश हा त्याचाच समकालीन गायक. दोघांची सुरुवात मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्समधली. स्वतःचं नाव सांगून सुरुवात करणं ही कॅशची खूण होती. १३ जानेवारी १९६८ला फॉल्सम तुरुंगात त्याच्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण झालं. त्या वेळी कैद्यांना सांगितलं होतं की, कॅश आपलं नाव सांगेपर्यंत टाळ्या वाजवायच्या नाहीत. त्या शांततेत तो नाव सांगतो, आणि मग जो गजर होतो तो ऐकण्यासारखा आहे. आता तर्कशास्त्राच्या दृष्टीनं पाहा. आपलं नाव सांगायची गरज कुणाला असते? जो अनोळखी आहे त्याला. कॅशला सगळे ओळखत होते, तरी तो नाव सांगतो. म्हणजे तो कैद्यांशी अनोळखी माणसाच्या सभ्यतेनं वागतो. तुरुंगात ज्यांना नंबर मिळालाय, त्यांच्यासमोर कुणीतरी येऊन रीतसर आपली ओळख करून देतो. ही त्या नाव सांगण्यातली ताकद. एल्विस तीच रीत उचलतो आणि नाव चुकीचं सांगतो. कारण त्याला ठाऊक आहे की, या पृथ्वीवर एक नाव सांगणं त्याला शक्यच नाही. ते म्हणजे त्याचं स्वतःचं. ते सांगितलं तर हास्यास्पद होईल. विनोद म्हणून तो बरा आहेच. आम्हाला त्यात थोडं एकटेपणही ऐकू येतं.

आता आक्षेप घेऊ. दोन आक्षेप नेहमी येतात, आणि दोन्ही विचार करण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप असा. हे सगळं ठरवून केलेलं असतं. आज तोच विनोद, उद्या तोच विनोद. मग 'आज इथे तुम्हाला' हे कसलं? ही तर आपुलकीची नक्कल झाली. आता हे खरंच आहे की बोलणं पुष्कळसं ठरलेलं असतं. १९६९च्या लास वेगासमधले संपूर्ण खेळ २०१९ साली अकरा सीडींच्या संचात प्रसिद्ध झाले. ते ओळीनं ऐकले तर तीच कहाणी, तेच टप्पे, थोडाफार फरक. आणि तरी चाहते ते सगळे विकत घेतात! एल्विसच्या संग्राहकांसाठी १९९९पासून एक स्वतंत्र लेबलच चालवलं जातं. त्यावर अख्खेच्या अख्खे कार्यक्रम, बोलण्यासकट, निघत असतात.

आमचं उत्तर असं की, पुनरावृत्ती आणि खोटेपणा यांचा तसा संबंध नाही. आपल्याकडचं कीर्तन आठवा. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, मध्ये अभंग, पदं, आणि त्यांना जोडणारं बोलणं. बुवांचा दृष्टांत श्रोत्यांना पाठ असतो. कुठे हशा येणार, कुठे डोळ्यांना पदर लागणार, ठाऊक असतं. म्हणून बुवा खोटे ठरत नाहीत. जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञानं दाखवून दिलं की, 'मी वचन देतो', 'मी क्षमा मागतो' अशी वाक्यं कशाचं वर्णन करत नाहीत, ती म्हणणं हीच एक कृती असते. आणि अशी वाक्यं साच्यातलीच असतात. 'चिरंजीव भव' हा आशीर्वाद हजारदा दिलेला असतो. म्हणून वाकून नमस्कार करणाऱ्याला कुणी सांगत नाही की बाळा, तुझ्यासाठी नवीन वाक्य शोधतो, थांब. स्वागत, आभार, थट्टा ही कृत्यं आहेत. ती केली की होतात. रोज केली तरी रोज नव्यानं होतात. प्रश्न फक्त एवढाच की, करणारा समोरच्याकडे बघून करतोय की नाही. अकरा सीडी ऐकणारा चाहताही तेच शोधत असतो. ठरलेल्या कहाणीत आज कुठे पाऊल वाकडं पडलं, आज कुणी मध्येच ओरडलं आणि त्यानं काय उत्तर दिलं. बंदिश तीच, आज जागा कुठे घेतली, हे आपण ऐकतो, तसंच ते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो आपल्याच परंपरेतला आहे. रसाचा अनुभव यायचा तर साधारणीकरण व्हावं लागतं. मंचावरचं दुःख हे 'या अमुक माणसाचं' दुःख म्हणून येऊन चालत नाही. अभिनवगुप्तांनी रसाची सात विघ्नं सांगितली आहेत. त्यांतलं एक म्हणजे हे माझं आणि ते परक्याचं, हे आजचं आणि ते इथलं, अशा खुणांना मन चिकटून राहणं. मग गायक गाणं संपवून स्वतःच्या घटस्फोटाबद्दल, घामाबद्दल, हॉटेलच्या जेवणाबद्दल बोलायला लागला की काय होतं? हळूहळू निवळत आलेलं मन पुन्हा त्या एका माणसाला जाऊन चिकटतं. विरहाचं गाणं हे विरहाचं राहत नाही, अमक्याच्या बायकोचं होतं. आक्षेप जबरदस्त आहे.

पण अभिनवगुप्त पुढे काय म्हणतात तेही पाहू. या विघ्नावर उपाय म्हणून ते पूर्वरंगाकडे आणि प्रस्तावनेकडे बोट दाखवतात. नाटकाआधी सूत्रधार आणि नटी किंवा विदूषक येऊन आपसात बोलतात. १८८०च्या किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला ही जोडी चांगली परिचयाची आहे. ते बोलणं ऐकून प्रेक्षकाला कळतं की हे नट आहेत. मग त्या नटावर वेष चढतो, आणि नट झाकला जातो. आधी नट दिसायला हवा, म्हणजे नंतर तो झाकला जाऊ शकतो. मजा पाहा. जे बोलणं रसभंग करतं असं आपण म्हणत होतो, तेच बोलणं योग्य जागी आलं तर रसाची वाट मोकळी करतं.

याचं आधुनिक उदाहरण ब्रूस स्प्रिंगस्टीनचं. १९८६ साली निघालेल्या त्याच्या कार्यक्रमांच्या संचात 'द रिव्हर' या गाण्याआधी तो एक हकिगत सांगतो. तारुण्यातला तो, लांब केसांचा, बापाशी उभं वैर. व्हिएतनामचं युद्ध चालू. बाप म्हणे, सैन्यात जाशील तेव्हाच माणसात येशील. एक दिवस बोलावणं आलं, तो वैद्यकीय तपासणीला गेला, नापास झाला, घाबरत घरी परतला. बापानं विचारलं, काय झालं? घेतलं नाही म्हणाला. आणि बाप म्हणाला, बरं झालं. बस, एवढंच. मग गाणं सुरू होतं. त्या गाण्यात युद्धही नाही आणि तो बापही नाही. पण त्या 'बरं झालं' मधून गाण्यात शिरताना ऐकणाऱ्याला स्वतःचं घर आठवतं. इथे खासगी गोष्ट खासगी राहिली नाही, ती साधारण झाली. २०१७–१८मध्ये त्यानं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर याच पद्धतीचा कार्यक्रम केला. बोलणं आणि गाणं जवळजवळ निम्मं निम्मं, आणि बोलणं बहुतांश लिहून ठरवलेलं. त्याला कुणी फसवणूक म्हटलं नाही.

म्हणजे मधलं बोलणं एका जातीचं नाही. काही नुसता विसावा असतं. श्वास घ्यायला, तारा जुळवायला वेळ हवा असतो, तेवढा तो भरून काढतो. काही सलगी असते, 'काय, झालं का जेवण' या जातीची. काही प्रस्तावना असते. आणि चौथं एक असतं, गाऱ्हाणं. त्याच्याकडे येऊच.

आता पुन्हा त्या तबकडीकडे. ती वाईट का आहे, हे आता सांगता येईल. बोलणं निरर्थक आहे म्हणून ती वाईट नाही. सलगीचं बोलणं अर्थानं भरलेलं नसतंच. ती वाईट आहे, कारण त्या बोलण्याला ज्याच्यामुळे अर्थ येतो, ते सगळं कापलं आहे. गाणं कापलं, म्हणजे विसावा कशापासूनचा ते कळेना. प्रसंग कापला, म्हणजे कुठलं शहर, कुठली रात्र ते कळेना. आणि 'तुम्ही' कापले. तिथल्या बाईला उद्देशून उच्चारलेलं वाक्य इथे आपल्यासमोर येतं तेव्हा आपण संबोधित राहत नाही. दाराआडून ऐकणारे होतो. शेजाऱ्यांच्या जिन्यातल्या गप्पा कुणी सलग ३७ मिनिटं मुद्रित करून आपल्याला विकल्या तर जे होईल तेच. सूत्रधार आला, बोलला, पुन्हा आला, पुन्हा बोलला, आणि नाटक काही सुरूच झालं नाही. मग ज्यांनी घेतली त्यांचं काय? आमचा तर्क असा की, ज्यांनी कार्यक्रम पाहिला होता त्यांच्याजवळ कापलेला भाग मनात होता. त्यांना ती तबकडी लग्नाच्या अक्षतांसारखी होती. तांदूळ म्हणून त्यांची किंमत नाही. ज्याच्या डोक्यावर पडल्या त्यालाच त्या अक्षता.

याच्या अगदी उलट, गाणं आणि बोलणं एकमेकांत मिसळल्याचा नमुनाही त्याच्याचजवळ आहे. 'आर यू लोनसम टुनाइट' हे मूळ १९२६चं गाणं त्यानं १९६०मध्ये गायलं. त्याच्या मधोमध एक गद्य भाग आहे, नुसता बोलायचा, जगाला रंगमंच म्हणणाऱ्या शेक्सपिअरच्या भाषणाचा धागा धरून लिहिलेला. २६ ऑगस्ट १९६९ला लास वेगासमध्ये हे गाताना त्यानं एका ओळीचे शब्द बदलून टकलाची काहीतरी थट्टा केली, आणि मग त्यालाच हसू आवरेना. गद्य भाग सुरू झाला, हसू वाढतच गेलं. मागे साथीला सिसी ह्यूस्टन होत्या. त्या एक स्वर न ढळता आपला उंच आलाप गात राहिल्या, आणि त्यामुळे त्याला आणखीच हसू. हे ध्वनिमुद्रण १९८०मध्ये बाहेर आलं, आणि चाहत्यांनी ते डोक्यावर घेतलं. का घेतलं? गाणं तर बिघडलं होतं. पण तिथे नट उघडा पडला, पुन्हा झाकायला गेला, पुन्हा उघडा पडला. आणि एक साथीदार गायिका त्याची लाज राखत होती की खोड मोडत होती, ते सांगता येऊ नये. इतकं जिवंत काही ठरवून होत नाही.

आणि आता ते चौथं, गाऱ्हाणं. इथे हा विषय हलकाफुलका राहत नाही.

ज्या १९७४ साली 'मजा' या नावाची तबकडी विकली जात होती, त्याच वर्षी २ सप्टेंबरला लास वेगासमधल्या मुक्कामाच्या शेवटच्या रात्री तो मंचावर बोलत सुटला. बोलणं लांबत गेलं. आपण अमली पदार्थांच्या आहारी गेल्याच्या अफवांवर तो संतापून बोलला. आदल्या वर्षी घटस्फोट झालेली पत्नी प्रेक्षकांत होती. तिची ओळख करून दिली, घटस्फोटाबद्दल बोलला. हे ध्वनिमुद्रण चोरून निघालेल्या तबकड्यांमधून चाहत्यांत फिरत राहिलं. जुलै १९७५मध्ये व्हर्जिनियातल्या नॉरफोक इथे त्यानं साथीच्या गायिकांना उद्देशून असे शेरे मारले की, त्यांच्यातल्या काही जणी मंच सोडून निघून गेल्या. एरवी साथीदारांची ओळख करून देणं हा त्याच्या बोलण्यातला उमदा भाग होता. मागे उभ्या असलेल्यांना त्यामुळे नाव मिळे. तेच बोलणं त्या रात्री त्यांना खाली बघायला लावणारं झालं. आणि जून १९७७. दूरचित्रवाणीसाठी रॅपिड सिटी इथे चित्रीकरण झालं. तेच 'आर यू लोनसम टुनाइट', तोच गद्य भाग. त्याचे शब्द अडखळतात, भलतेच येतात, तो हसून वेळ मारून नेतो. समोरचे लोकही हसतात. १६ ऑगस्ट १९७७ला तो गेला. वय ४२.

१९६९चं हसू आणि १९७७चं हसू शेजारी ठेवून पाहिलं की आजच्या विषयातली खरी अडचण समोर येते. सलगीच्या बोलण्यात आपण आशयाकडे लक्ष देत नाही, असं आपण मघाशी म्हटलं. तो त्या बोलण्याचा स्वभावच आहे. 'झालं का जेवण?' या प्रश्नाला कुणी 'दोन दिवस झालं नाही' असं उत्तर दिलं, तर आपल्याला ते ऐकू तरी येईल का? की आपण 'बरं बरं, येतो' म्हणून जिना चढून जाऊ? चाहत्यांचं प्रेम खरं होतं, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण प्रेमाला सवय लागली की कान जातात. विनोद कुठे संपला आणि गाऱ्हाणं कुठे सुरू झालं, हे समोरच्या हजारो माणसांत कुणालाच ऐकू न येणं शक्य असतं. प्रत्येक जण आपण संबोधित आहोत या सुखात असतो.

याचा दोष प्रेक्षकांवर टाकून मोकळं होता येणार नाही. मध्यरात्रीच्या खेळाला तिकीट काढून आलेल्या माणसानं काय करावं, उठून डॉक्टरला बोलवावं? तसं आम्ही म्हणत नाही. ज्यांच्या हातात काही करणं होतं, ते वेगळे लोक होते, आणि त्यांचं पोट त्या कार्यक्रमांवर चालत होतं. पण श्रोता म्हणून, आणि पुढे ते ध्वनिमुद्रण ऐकणारे म्हणून, आपल्यावर काही येतंच. आपल्या परंपरेत रसिकाला 'सहृदय' म्हटलंय. समान हृदयाचा. तो शब्द फक्त गाण्यापुरता नाही.

म्हणून आमच्या मते या बोलण्याची समीक्षा करायला तीन प्रश्न पुरेत. हे बोलणं कुणाला उद्देशून आहे, आणि त्या माणसाकडे बघून आहे का? ते गाण्याकडे नेतं, की गाण्यापासून तोडतं? आणि ते हसू कुणाला खाली बघायला लावून येतंय, साथीदाराला, प्रेक्षकातल्या कुणाला, की बोलणाऱ्याला स्वतःलाच? पहिल्या दोन प्रश्नांनी कलेचं मोल कळेल. तिसऱ्यानं आपलं.

आपल्याकडेही हा आनंद जुना आहे. जगजीत सिंगांच्या गझलांच्या मैफलीत मधल्या विनोदांची वाट बघणारे श्रोते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्या कार्यक्रमाच्या तर नावातच बोलणं आहे, 'आयुष्यावर बोलू काही'. आता खिशातल्या फोननं हे तुकडे कापले जातात आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरतात. गाण्याशिवाय, गावाशिवाय, ज्याला उद्देशून ते होतं त्या माणसाशिवाय. पार्करला त्यासाठी कंपनी काढावी लागली होती, आपण ते फुकट करतो. त्यात पाप आहे असं नाही. पण पुढच्या वेळी असा तुकडा ऐकताना एकदा मनाशी विचारावं की, याच्या आधी कुठलं गाणं झालं होतं आणि नंतर कुठलं होणार होतं. जमलं तर ते गाणं शोधून ऐकावं. आणि बोलणारा हसत असताना त्याचा आवाजही ऐकावा.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर चिठ्ठ्या पुढे पाठवा. आम्ही थांबतो.